गावात एकी असली की लोकांची हुकूमशाहीची ओढ कमी होते का?

सरसकट नाही. एकी कोणाकोणात, ते बघायला हवं. आमच्या रायगड-रत्नागिरीकडे गावकी केवढी घट्ट! शिमग्याची पालखी असो की मयत, अख्खी वाडी हजर. पण त्याच गावकीने कोणाला वाळीत टाकलं की सख्खा भाऊही त्याच्या दारात जायला कचरतो. शेवटी राज्याला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. विश्वास भावकीपुरताच असेल, तर गावप्रमुखाचा हुकूम मोडायची हिंमत कोण करणार?

जर्मनीचं उदाहरण तर चक्रावून टाकतं. १९२० च्या दशकात जिथे क्लब, गायनमंडळं जास्त, तिथे लोक नाझी पक्षात लवकर शिरले, असं २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं. (मंडळं वाईट असं नव्हे हां.) स्थिर सरकार असलेल्या प्रशिया या जर्मनीतल्याच राज्यात मात्र हा परिणाम फिकाच होता.