लेकरं परत गेली, शेरू दारातून हलत नाही

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. शाळेच्या सुट्टीत त्या दोन मुलांना घेऊन माहेरी, जुळे सोलापुरात येऊन राहिल्या होत्या. घरच्या शेरूला सकाळपासून रात्रीपर्यंत पोरांची सोबत मिळाली. सप्टेंबरमध्ये तिकडच्या शाळा उघडणार म्हणून सगळे परत गेले. आता बाबा नवी पेठेतल्या दुकानात आणि आई भजनाला गेली, की शेरू रडतो, दार ओरबाडतो. शेजारचे बोलायला लागलेत. आई फोनवर सांगते, ‘लेकरं गेल्यापासनं दारातनं हलंना बघ.’ ताई विचारतात, इतक्या लांबून मी काय करू?

ताई, पहिलं काम म्हणजे शेरू एकटा असताना नेमकं काय करतो ते बघायचं. आई बाहेर पडताना जुना मोबाईल कपाटावर ठेवून चित्रीकरण सुरू करू देत. ते तुम्ही तिथं बसून बघा, विशेषतः पहिला अर्धा तास. नुसता कंटाळलेला कुत्रा थोडा भुंकतो, झोप काढतो, मग उठून एखादी चप्पल चावतो. घाबरलेल्या कुत्र्याचं तसं नसतं. कुलूप लागल्यावर थोड्याच वेळात त्याच्या येरझाऱ्या सुरू होतात, धाप लागते, लाळ गळते, घरातच लघवी होते. आवडीचं खाणं समोर असलं तरी तो तोंड लावत नाही.

कंटाळा असेल तर उपाय सोपा आहे. निघण्याआधी निवांत फिरवून आणायचं, जागोजागी मनसोक्त हुंगू द्यायचं. कडक भाकरीचे थोडे तुकडे जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवले, तर ते शोधण्यात त्याचा वेळ जातो. मात्र त्या भाकरीला शेंगाचटणी लावू नका. तिच्यात लसूण असतो, आणि लसूण-कांदा कुत्र्यांना बाधतो. मनुका आणि चॉकलेटही नको. शेरूला पीनट बटर देत असाल तर डब्यावरचं लेबल वाचा. त्यात झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असेल तर ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

भीती असेल तर खाण्यानं भागणार नाही. एकटं राहण्याची सवय त्याला पहिल्यापासून लावावी लागेल. आईंनी पिशवी उचलली, चप्पल घातली, किल्ली घेतली, की शेरूला धडकी भरते. म्हणून दिवसातून काही वेळा किल्ली उचलायची आणि पुन्हा भाजी निवडत बसायचं. किल्लीचं त्याला काही वाटेनासं झालं, की दाराबाहेर काही सेकंद उभं राहून परत यायचं. मग अर्धा मिनिट, मग दोन मिनिटं. दर वेळी त्याला भीती वाटायच्या आत परतायचं. अधूनमधून वेळ मुद्दाम कमी करायची, नाहीतर प्रत्येक वेळ आधीपेक्षा लांबच असते हे त्याच्या लक्षात येतं. याला आठवडे लागतात, आणि तोवर त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही. अवघड आहे ते हेच.

इथे मला तुमच्याशी स्पष्ट बोलायचंय. हा भार एकट्या आई-बाबांवर टाकू नका. या वयात रोज पन्नास वेळा दार उघडबंद करायचं, भजन सोडायचं, शेजाऱ्यांचं ऐकून घ्यायचं, हे त्यांच्यासाठी फार होतं. ओळखीतला एखादा कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी दुपारी येऊन बसेल का, ते फोन करून तुम्हीच ठरवा आणि त्याचे पैसे तुम्हीच पाठवा. ‘कशाला खर्च’ असं बाबा म्हणतील, तरी ठरवा. दुकानात शेरू शांत बसत असेल तर काही दिवस बाबांबरोबर जाऊ दे.

मुलांनी पांघरलेली सोलापुरी चादर अजून धुतली नसेल तर ती त्याच्या जागेवर अंथरायला सांगा. ओळखीच्या वासानं काही कुत्र्यांना धीर येतो. व्हिडिओ कॉलवर मुलांनी त्याला जरूर हाक मारावी, पण आई शेजारी असतानाच. घरात कुणी नसताना नुसता आवाज आला, तर तो त्यांना खोलीखोलीत शोधत फिरण्याची शक्यता असते.

घरी आल्यावर ओरबाडलेलं दार दिसलं तरी रागावायचं नाही. मान खाली घालतो म्हणजे त्याला चूक कळली असं आपण समजतो, पण तो आपल्या चढलेल्या आवाजाला भ्यालेला असतो. रागावल्यानं आईच्या येण्याचीही त्याला धास्ती बसेल.

हे दिवस गणपतीचेही आहेत. सोलापुरातल्या मिरवणुकांचे ढोल-ताशे, लेझीम आणि फटाके माणसांना आवडतात, पण एकट्या कुत्र्याचं त्यात फार वाईट होतं. त्या दिवशी कुणीतरी घरी थांबावं, त्याला आतल्या खोलीत घ्यावं आणि पंखा चालू ठेवावा.

शेरूचं वय झालं असेल, किंवा तो माणसं घरात असतानाही जेवत नसेल, तर थेट पशुवैद्यांकडे न्या. सांधेदुखीनं किंवा म्हातारपणच्या विसराळूपणानंही कुत्री अशी वागतात. भीती फार असेल तर डॉक्टर फ्लुओक्सेटिनसारखं औषध देतात. त्याचा गुण यायला काही आठवडे जातात आणि सोबत सराव चालू ठेवावा लागतो. माणसांच्या झोपेच्या गोळ्या घरच्या घरी कधीही देऊ नयेत.

तुमच्या न्यू जर्सीच्या घरात मांजर आहे, असंही तुम्ही लिहिलंय. मांजर आरडाओरडा करत नाही म्हणून ते मजेत आहे असं समजू नका. पलंगाखालून बाहेर न येणं, अंगाचे केस चाटून काढणं, गादीवर लघवी करणं या तिच्या तक्रारी असतात. जेवणाच्या वेळा शाळेच्या दिवसांप्रमाणे पक्क्या करा, खिडकीपाशी उंच जागा द्या. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर थांबू नका, डॉक्टरांना फोन करा. बोका लघवीसाठी कुंथतोय आणि होत नाहीये असं दिसलं, तर त्याच तासाला दवाखाना गाठा.

पुढच्या सुट्टीत सोलापूरला याल तेव्हा परतीच्या आधीचे दोन आठवडे यासाठी राखून ठेवा. रोज सगळ्यांनी मिळून थोडा वेळ घराबाहेर पडा, सिद्धेश्वर तलावापर्यंत जाऊन या. शेरूच्या जेवणाची आणि फिरायची वेळ हळूहळू आजी-आजोबांच्या वेळेवर आणा, आणि त्याचा पट्टा मुलांच्या हातून आजोबांच्या हातात द्या.