जुना आणि नवा रिपोर्ट व्ह्यूअर एकाच ॲप्लिकेशनमध्ये

प्रश्न : आमचे हिशेबाचे सॉफ्टवेअर डॉटनेट फ्रेमवर्कवर चालते. जुने रिपोर्ट मायक्रोसॉफ्ट रिपोर्ट व्ह्यूअरच्या (ॲप्लिकेशनमध्ये रिपोर्ट दाखवणाऱ्या घटकाच्या) १० व्या आवृत्तीवर आहेत, तर नवे १५ व्या आवृत्तीवर केले आहेत. दोन्ही जोडल्यापासून जुना रिपोर्ट उघडताच ‘लोकलरिपोर्टचे (व्ह्यूअरमधील रिपोर्टच्या टाइपचे) रूपांतर लोकलरिपोर्टमध्ये करता येत नाही’ अशा अर्थाची एरर येते. दोन्हीकडे नाव एकच असताना असे का व्हावे? सगळे जुने रिपोर्ट एकदम बदलणे शक्य नाही.

उत्तर : नाव एकच असले, तरी डॉटनेटच्या दृष्टीने ते दोन निराळे टाइप (ऑब्जेक्टचे प्रकार) आहेत, कारण टाइपची ओळख तो ज्या असेंब्लीत, म्हणजे कंपाइल झालेल्या डीएलएलमध्ये, आहे तिच्यासकट ठरते, आणि असेंब्लीची ओळख नाव, आवृत्ती, कल्चर (भाषा-प्रदेश) व पब्लिक की टोकन (असेंब्लीवर सही करणाऱ्या कीची छोटी खूण) या चारही गोष्टी मिळून होते. एररचा मजकूर शेवटपर्यंत वाचा. त्यात दोन्ही टाइप कोणत्या आवृत्तीतून आणि कोणत्या ठिकाणाहून लोड झाले ते लिहिलेले असते. बहुधा रिपोर्ट उघडणारे तुमचे एखादे सामाईक फंक्शन १५ व्या आवृत्तीसाठी कंपाइल झाले असून त्याच्या हाती १० व्या आवृत्तीचे ऑब्जेक्ट पडत आहे.

अशा वेळी कॉन्फिग फाइलमध्ये बाइंडिंग रिडायरेक्ट (एका आवृत्तीऐवजी दुसरी लोड करण्याची सूचना) घालण्याचा मोह होतो, पण येथे त्याचा उपयोग नाही. रिडायरेक्ट केवळ आवृत्तीचा क्रमांक बदलतो आणि या दोन आवृत्त्यांचे टोकनच वेगळे आहे.

माझा सल्ला असा, की जुन्या रिपोर्टांसाठी एक व नव्यांसाठी एक असे दोन प्रोजेक्ट करावेत आणि मुख्य ॲप्लिकेशनने त्यांना रिपोर्टचे नाव व डेटाटेबल (डेटाचा तक्ता) एवढेच द्यावे, बदल्यात पीडीएफचे बाइट घ्यावेत. व्ह्यूअरचा कोणताही टाइप ही सीमा ओलांडणार नाही, याबाबत मात्र कडक राहा. रिपोर्ट पडद्यावरच दाखवायचा असेल, तर प्रत्येक प्रोजेक्टने स्वतःचा फॉर्म स्वतः उघडावा.

व्ह्यूअरच्या दोन्ही आवृत्त्यांच्या डीएलएलचे फाइलनाव एकच असल्यामुळे बिल्डच्या फोल्डरमध्ये त्यांतली एकच उरते. जुनी आवृत्ती तुमच्या मशीनवर ग्लोबल असेंब्ली कॅशमध्ये (मशीनवरील सामाईक असेंब्लींच्या साठ्यात) असल्याने सापडते, परंतु ग्राहकाकडे तिचा रीडिस्ट्रिब्यूटेबल (वेगळा इन्स्टॉल करायचा संच) टाकलेला नसेल तर तेथे सापडणार नाही. म्हणून तो इन्स्टॉलरमध्ये घ्यावा किंवा डीएलएल वेगळ्या उपफोल्डरमध्ये ठेवून कॉन्फिगमधील कोडबेस या नोंदीने ती जागा दाखवावी.

जुनी आरडीएलसी फाइल (रिपोर्टची मांडणी ठेवणारी फाइल) नव्या डिझायनरमध्ये सहज म्हणूनही उघडू नका. डिझायनर तिचा स्कीमा (फाइलच्या रचनेचा नमुना) पुढच्या आवृत्तीत नेतो आणि मग जुना व्ह्यूअर ती वाचत नाही. फाइलच्या सुरुवातीच्या नेमस्पेसमध्ये स्कीमाचे वर्ष असते, ते आधी पाहावे.

पुढे एकेक रिपोर्ट नव्या बाजूला नेताना त्याच डेटावर दोन्हीकडून पीडीएफ काढून शेजारी ठेवा. आकडे सहसा जुळतात. पण फॉन्टच्या मापात किंचित फरक पडला, तरी बेरजेची ओळ पुढच्या पानावर जाऊ शकते आणि छापील बिलात ती चूक ग्राहकाला तुमच्याआधी दिसते.