‘दूध कमी’ असे लिहिण्यापूर्वी

सोलापूर

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी नोंदवही वाचली. पूर्व भागातील ज्या बाळंतिणींनी चौथ्या-पाचव्या महिन्यातच अंगावर पाजणे बंद केले, त्यांच्यापैकी बहुतेकींच्या नावापुढे तू एकच कारण लिहिले आहेस: ‘दूध कमी’. तू चुकीचे काही लिहिलेले नाहीस, बायका हेच सांगतात. परंतु हे कारण बहुधा सर्वांत शेवटी आलेले असते. त्याआधीचे कित्येक आठवडे त्या दोन शब्दांखाली झाकले जातात, आणि आपल्या हातून काही होण्याजोगे असते ते त्याच आठवड्यांत.

सुरुवात पहिल्या तीन दिवसांपासून कर. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते, म्हणून आरंभीचे तास वाया गेले की पुढचे गणित बिघडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाहणीत देशातील 88.6 टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या होत्या, तरीही जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बालके 41.8 टक्केच होती. सिझेरियन झालेल्या आईला उठून बसता येत नाही, बाळ नातेवाइकांच्या हातात असते, कोणी मध चाटवते, कोणी घुटी देते, आणि पिवळसर चीक ‘अजून दूध उतरले नाही’ या समजुतीने बाजूला राहतो. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी पाच-सात मिलिलिटरच मावते, ही गोष्ट आजीला चमचा दाखवून सांग. नुसत्या आकड्याने तिची खात्री पटणार नाही.

त्यानंतरचा नाजूक काळ तिसऱ्या आठवड्यापासून दीड महिन्यापर्यंतचा. स्तन पूर्वीसारखे भरलेले वाटत नाहीत, बाळ संध्याकाळी रडते, तासाला मागते, आणि घर ठरवून टाकते की दूध आटले. वास्तविक बाळ दिवसातून सहा किंवा अधिक लंगोट ओले करत असेल आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येऊन पुढे वाढत असेल, तर दूध पुरते आहे. स्तनाग्राला चिरा पडल्या असतील तर मलमाच्या आधी बाळाने तोंडात किती घेतले आहे ते पाहा. हनुवटी स्तनाला टेकलेली आणि तोंड मोठे उघडलेले हवे. याच सुमारास पुष्कळ जणी माहेरहून सासरी परततात. माहेरी आयते ताट मिळत होते, सासरी चूल सांभाळायची असते. ती परतल्याची तारीख तुझ्या वहीत कुठेच नाही.

आता कामाविषयी, कारण आपल्या भागात खरी अडचण तिथेच आहे. प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे झाले. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईचा दिवस मात्र हजार विड्यांच्या हिशोबाने चालतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात अशाच एका घरी मी तुझ्यासारखेच ‘दूध कमी’ लिहून निघाले होते. पुढच्या महिन्यात बाळाचे वजन वाढलेले नव्हते, तेव्हा मी एक दुपार त्या घरात बसून राहिले. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली तेंदूची पाने, शेजारी साडीच्या झोळीत बाळ. ते रडले की तिने हात थांबवायचे, उठून साबणाने हात धुवायचे, तंबाखूचा पदर बदलायचा आणि मग बाळाला घ्यायचे. ‘‘सिस्टर, एकदा पाजायचं म्हणजे पन्नास विड्या जातात,’’ ती म्हणाली. म्हणून दिवसा सासू बाटली देत होती, निम्मे दूध आणि निम्मे पाणी. बाळ बाटलीवर झोपत होते, ओढणे कमी झाले होते, आणि त्यामुळे दूध खरोखरच कमी होत चालले होते. वहीत लिहिलेले कारण म्हणजे वास्तविक या सगळ्याचा परिणाम होता. तो मी उलटा वाचला, याची खंत आजही वाटते.

तोडगा सासूनेच काढला. सून पाजत असताना सूप तिने स्वतःच्या मांडीवर घेतले. रात्री आडवे होऊन पाजणे वाढवले, बाटली बंद केली, आणि सुमारे पंधरा दिवसांत दूध पूर्ववत झाले. म्हणून घरी गेलीस की आईशी जितके बोलशील तितकेच सासूशी बोल. त्या भागात निम्मे बोलणे तेलुगूत चालते. ‘पालु’ म्हणजे दूध एवढा एक शब्द आला तरी म्हातारी मोकळी होते.

उन्हाळ्यात बाळाला पाणी पाजण्याचा आग्रह होईल. सहा महिन्यांपर्यंत चाळीस अंशांतही बाळाला वरच्या पाण्याची गरज नसते, पाणी आईने भरपूर प्यावे. काढून ठेवलेले दूध बाहेर चार तास टिकते, हा हिशोब पंचवीस अंशांचा आहे; आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत, पत्र्याच्या घरात तो धरू नकोस.

काही जणींना खरोखरच दूध पुरत नाही, काहींना औषधांमुळे पाजता येत नाही, काही मुलगी झाली म्हणून ऐकलेल्या शब्दांनी इतक्या खचतात की बाळाला जवळ घेण्याचेही बळ उरत नाही. त्यांना डॉक्टरांकडे पाठव, सोबत जा, आणि दोषाचा एक शब्दही उच्चारू नकोस. दोन वर्षे पाजावे ही शिफारस खरी, पण ती छडीसारखी वापरायची नसते.

वहीत दोन रकाने वाढव: पहिली बाटली कितव्या दिवशी आली, आणि कोणाच्या सांगण्यावरून. मग ज्या घरांपुढे ‘दूध कमी’ लिहिले आहेस तिथे पुन्हा जा, मात्र सकाळी नको. विड्या कारखान्यात देऊन आल्यावर दुपारी जा, तेव्हा बाई बोलायला मोकळी असते. रकाने भरले की वही घेऊन माझ्याकडे ये, आपण एकत्र बसून पाहू.

तुझी हितचिंतक,
सिस्टर