जिप्सीच्या पुढच्या ॲक्सल शाफ्टची झीज : आधी काय पाहावे

ॲक्सल शाफ्ट म्हणजे चाकाला फिरवणारा दांडा. तो झिजलेला दिसला, तरी नवा मागवण्याची घाई आपण करू नये. मारुती जिप्सीसारख्या अखंड ॲक्सलच्या (दोन्ही चाके एकाच आडव्या नळीने जोडलेल्या) गाडीत शाफ्ट सहसा आपणहून झिजत नाही. त्याचे कारण शेजारीच असते.

चाकामागच्या नकलमधून (knuckle, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या सांध्याच्या घरातून) घट्ट ग्रीसऐवजी पातळ, काळपट तेल ओघळत असेल, तर आतले ऑइल सील गेले आहे आणि ॲक्सलमधले गिअर ऑइल नकलमधल्या शाफ्टच्या जॉइंटचे (सांध्याचे) ग्रीस धुऊन नेत आहे, असे समजावे. शाफ्ट बाहेर काढल्यावर, सील जेथे टेकते त्या पट्ट्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकण्याइतकी खाच असेल, तर नवे सीलही लवकरच गळू लागेल. नवशिके नेमके येथेच चुकतात आणि केवळ सील बदलून मोकळे होतात. ब्रीदर (ॲक्सलमधली हवा बाहेर सोडणारे छिद्र) चिखलाने बुजला असल्यास तोही साफ करावा, कारण आत कोंडलेला दाब तेल सीलमधून बाहेर ढकलतो.

मग गाडी स्टँडवर घेऊन चाक वरून व खालून धरून हलवावे. खेळ (सैलपणा) जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगावे: खेळ थांबला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, उरला तर बहुधा किंगपिनच्या (नकल ज्या खिळीवर वळते तिच्या) बेअरिंगचा. डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) लावून फिरणे मात्र आजच बंद करावे, कारण त्याचा ताण शाफ्टवर येतो.