शिरस्त्राणावरचा सिंह: तुरा म्हणावा की कलगी?

प्रश्न असा: मध्ययुगीन युरोपातल्या सरदारांच्या शिरस्त्राणावर सिंह, हंस, शिंगं असं काहीबाही उभं केलेलं असतं. इंग्रजीत त्याला क्रेस्ट म्हणतात. ते हातानं कसं बनवायचं याची कृती मराठीत लिहायची आहे, तर 'कलगी' चालेल का?

मी 'तुरा' म्हणेन. कलगी म्हटलं की पिसं डोळ्यांपुढे येतात, फार तर पागोट्यावरचा जडावाचा दागिना. चार पायांवर उभा असलेला सिंह त्या शब्दात मावत नाही. तुरा ऐसपैस आहे: फुलांचा, उसाचा, कोंबड्याच्या डोक्यावरचा. क्रेस्टचं मूळ असलेल्या लॅटिन 'क्रिस्टा'चा अर्थही कोंबड्याचा तुराच. (कलगीवाले शक्तीचे आणि तुरेवाले शिवाचे, हे भांडण शाहिरांकडेच राहू द्या.)

क्रियापद मात्र जपून वापरा. आपण तुरा खोवतो; हा बसवावा लागतो. फ्रान्समधल्या अंजूचा ड्यूक रने यानं १४६०च्या सुमारास टूर्नामेंटचे, म्हणजे सरदारांच्या लुटुपुटीच्या लढायांचे, नियम लिहिले. त्यात तुऱ्याखाली चामड्याची बैठक सांगितली आहे: शिरस्त्राणाचा सगळा माथा झाकणारी आणि आतून बोटभर जाड अस्तर लावलेली. वर सोटे आदळणार, मग अस्तर हवंच.

ते चामडं कोणतं? 'क्वीर बुयी' या फ्रेंच नावाचा शब्दशः अर्थ 'उकळलेलं चामडं', पण खरंच खळखळ उकळलं तर ते आकसतं आणि ठिसूळ होतं. 'कमावलेलं' हा शब्दही इथे नको, ती आधीची पायरी. 'भिजवून, साच्यावर दाबून, उष्णतेनं कडक केलेलं' असं लांबलचक लिहिलेलं बरं. इंग्लंडचा 'ब्लॅक प्रिन्स' एडवर्ड १३७६ मध्ये वारला. कँटरबरी कॅथीड्रलमध्ये त्याच्या थडग्यावर पूर्वी टांगलेल्या मूळ शिरस्त्राणावरचा सिंह असाच, आकार दिलेल्या चामड्याचा आणि म्हणून वजनाला हलका. १९५४ पासून थडग्यावर प्रतिकृती आहेत. असल्या कामात वर जो पांढरा थर देतात त्यासाठी 'खडू-सरसाचं लिंपण' म्हणा, सोन्यासाठी 'वर्ख'. दोन्ही आपल्या कारागिरांचेच शब्द.

तुरा आणि शिरस्त्राण यांच्यामधल्या सांध्यावर पीळ दिलेल्या कापडाचं कडं असतं. त्याला 'चुंबळ'! हंड्याखालची चुंबळ ज्यानं पाहिली आहे त्याला आणखी काही सांगावं लागणार नाही. मागे पाठीवर लोंबणारं कापड म्हणजे 'शेमला', पागोट्याचा असतो तसाच. त्याच्या कडा चित्रांत पानांसारख्या कातरलेल्या दिसतात, तेवढं वेगळं सांगा.

शीर्षकात 'कुलचिन्ह' मात्र घालू नका. ढाल, शिरस्त्राण, तुरा, शेमला हे सगळं मिळून होतं ते कुलचिन्ह. इंग्रजीतही पुष्कळ जण त्या सगळ्यालाच क्रेस्ट म्हणून मोकळे होतात. तुम्ही तर ढाल बनवतच नाही आहात.