व्हे म्हणजे दूधच की रे!

प्रश्न : काकू, नमस्कार. येत्या सप्टेंबरात मी एमएससाठी म्युनिकला चाललोय. पुण्याहून टॅक्सीने मुंबई, तिथून थेट विमान. रोज जिमला जातो, म्हणून दोन किलो व्हे प्रोटीन, ताकदीसाठी घेतो ती 300 ग्रॅम क्रिएटिन पावडर आणि व्यायामाआधी प्यायच्या प्री-वर्कआउट पावडरीचा उरलेला अर्धा डबा न्यायचाय. व्हेचा डबा बॅगेत फार जागा खातो. त्यामुळे सगळं झिपलॉकच्या पिशव्यांत भरून पाठीवरच्या सॅकमध्ये टाकावं असं वाटतंय. बाबा म्हणतात, पांढरी पावडर बघून तुला आत टाकतील. खरं काय?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : बाबांना म्हणावं, निवांत झोपा. पण ते झिपलॉकचं डोक्यातून काढ.

मी बावीस वर्षं लोहगाव विमानतळाच्या चेक-इन काउंटरवर काढली. जुन्या टर्मिनलमध्ये बरं का, जिथे दिवाळीच्या सुट्टीत मंगल कार्यालयासारखी गर्दी व्हायची. प्रोटीनपायी कुणाला बेड्या पडलेल्या मी पाहिल्या नाहीत. बिननावाच्या पिशवीपायी विमान सुटायची वेळ आलेली पोरं मात्र बरीच पाहिली. कारण साधं आहे. एक्स-रेच्या पडद्यावर सेंद्रिय वस्तू केशरी दिसतात आणि धातू निळे. तुझं व्हे केशरी, माझं मेतकूट केशरी आणि बरीचशी स्फोटकंही केशरीच. त्यात पावडरीचा घट्ट गठ्ठा असला की पलीकडचं नीट दिसत नाही. मग बॅग बाजूला काढतात, पिशवीवर एक कापडी पट्टी फिरवतात आणि ती स्फोटकांचे कण हुडकणाऱ्या यंत्रात घालतात. दोन मिनिटांचं काम, पण तुझ्यापुढे आणखी चार बॅगा असल्या की दहा मिनिटं गेली. सीलबंद पाकीट, त्यावर कंपनीचं नाव, घटकांची यादी, आपल्या अन्न नियामकाचा म्हणजे एफएसएसएआयचा क्रमांक आणि सोबत बिल असलं की विचारणाऱ्याचं समाधान लवकर होतं. पांढऱ्या पिशवीवर मार्करने ‘क्रिएटिन’ लिहून कुणाचंही होत नाही.

जागेचीच अडचण असेल तर डब्याऐवजी किलोचं पाउच घे. डबे नाहीतरी निम्मे हवेनेच भरलेले असतात.

सॅकमध्ये नको म्हणते, त्यामागे माझं स्वतःचं दुःख आहे. 2019 च्या मेमध्ये मुलीकडे न्यू जर्सीला निघाले होते. मोठी बॅग काट्यावर बरोब्बर 23 किलो भरली, म्हणून थालीपिठाच्या भाजणीचा दोन किलोंचा स्टीलचा डबा हातातल्या बॅगेत घेतला. मुख्य तपासणीतून सुटला. अमेरिकेच्या विमानाला गेटपाशी पुन्हा एकदा बॅगा बघतात. तिथल्या मुलीने झाकण उघडलं, वास घेतला, हसली आणि म्हणाली, “काकू, 350 मिलीच्या वर नाही जाणार.” 30 जून 2018 पासूनचा नियम आहे तो. बाहेरून अमेरिकेला जाणाऱ्या विमानात केबिनमध्ये 350 मिलीपेक्षा जास्त पावडर असेल आणि तपासणीत तिचा उलगडा झाला नाही, तर ती आत जात नाही. 350 मिली म्हणजे कोल्ड्रिंकच्या कॅनएवढं. तुझ्या भाषेत व्हेचे पाच-सहा स्कूप. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बॅगा उघडायला लावणाऱ्या बाईची भाजणी गेली, रिकामा डबा तेवढा न्यू जर्सीला पोचला. जावई अजून विषय काढतो.

या सगळ्याचं मूळ 2017 च्या जुलैत सिडनीहून सुटणाऱ्या विमानात स्फोट घडवायचा कट उघडकीला आला त्यात आहे. ऑस्ट्रेलियानेही पुढे 350 मिलीची मर्यादा घातली, पण ती मीठ, टाल्कम असल्या अजैविक पावडरींना. खाण्याच्या पावडरी वगळल्या.

म्युनिकच्या विमानाला ही मर्यादा नाही. तरीही सगळं चेक-इनच्या बॅगेतच टाक. त्या बॅगेत पॉवर बँक मात्र चुकूनही ठेवू नकोस. माइकवर नाव पुकारून बॅग उघडायला बोलावतात ते बहुतेक त्याच्यासाठीच, पावडरीसाठी नव्हे.

आता तू विचारलंच नाहीस ते सांगते. सगळ्यांना धास्ती मुंबईतल्या तपासणीची, आणि गोची होते उतरल्यावर. व्हे म्हणजे पनीर करताना जे पाणी निथळतं ना, ते. म्हणजे दूधच की रे! युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. थोडे आहेत, घरच्यासाठी आहेत, असलं काही चालत नाही. लहान बाळाची दूध पावडर आणि वैद्यकीय कारणासाठीचं खास अन्न एवढ्यांना सवलत आहे. तुझे बायसेप्स त्यात बसत नाहीत. कस्टमच्या हिरव्या, म्हणजे ‘जाहीर करायला काही नाही’वाल्या दारातून दोन किलो व्हे घेऊन जाताना अडवलं, तर ‘हे सप्लिमेंट आहे, दूध नव्हे’ हा वाद तुला त्या अधिकाऱ्याशी जर्मनमधून घालावा लागेल. जमणार आहे? मग व्हे इथेच धाकट्या भावाला दे आणि तिकडे गेल्यावर घे. म्युनिकमध्ये जिमला जाणारे काही कमी नाहीत. आईने पेढे आणि साजूक तुपाची बरणी काढून ठेवली असेल, तर त्यांनाही हेच लागू, हे तिला हळूच सांग. मी सांगितलं म्हणून सांग.

क्रिएटिनमध्ये दूध नाही. सीलबंद ने.

फोडलेला प्री-वर्कआउटचा डबा नेऊ नकोस. आणि त्याआधी लेबल वाच. काहींमध्ये डीएमएए नावाचं उत्तेजक असतं. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याच्या, एफडीएच्या लेखी सप्लिमेंटमध्ये ते बेकायदा आहे आणि खेळांतली उत्तेजकं रोखणाऱ्या वाडा या संस्थेच्या यादीतही स्पर्धेच्या काळात त्याला बंदी आहे. असला डबा असेल तर कर्वेनगरातही पिऊ नकोस, म्युनिकची गोष्ट लांबच.

प्रश्न : मुलगा दुबईत असतो, व्यायामाचं फार वेड. डब्यातलं प्रोटीन खाण्यापेक्षा घरची पूड बरी, म्हणून मी बदाम, खारीक, डिंक, सुकं खोबरं आणि खसखस यांची पूड करते. पुढच्या महिन्यात जातेय. किलोभर नेली तर चालेल ना?
– सौ. वाचक, सहकारनगर

उत्तर : वहिनी, खसखस अजिबात नको. चिमूटभरसुद्धा नको, आणि दळल्यावर ‘दिसत नाही’ म्हणून तर मुळीच नको. आपल्याकडे ती वाण्याकडे मिळते, संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांत मोडते. सिंगापूरलाही तेच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या सामानात आपल्याकडेच बंद केल्या आहेत, कारण त्यात तेल असतं आणि ते पेट घेतं. तेव्हा खोबरंही वगळा. जी पूड आधीच करून ठेवली आहे ती घरीच संपवा. नवी करताना मिक्सरचं भांडं घासून घ्या आणि खसखशीच्या जागी तीळ भाजून घाला.