चित्रपटसंगीत आणि जॅझमधून आलेला माणूस सिम्फनी ऑर्केस्ट्राचा संगीत दिग्दर्शक होऊ शकतो का?

होऊ शकतो, आंद्रे प्रेविन यांची कारकीर्द हा त्याचा ठसठशीत पुरावा आहे. बर्लिनमध्ये १९२९ साली जन्मलेले प्रेविन हॉलिवूडमध्ये वाढले, शाळकरी वयातच स्टुडिओसाठी काम करू लागले, चित्रपटसंगीतासाठी त्यांना चार ऑस्कर मिळाले आणि शिवाय ते नावाजलेले जॅझ पियानोवादक होते. तरीही १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन सिम्फनी या वाद्यवृंदाने त्यांच्याकडे सूत्रं दिली. पुढे १९६८ ते ७९ लंडन सिम्फनी, मग पिट्सबर्ग आणि १९८५ ते ८९ लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक. ‘सिनेमावाला’ हा शिक्का मात्र समीक्षकांनी बराच काळ पुसू दिला नाही. माझ्या मते स्टुडिओतली हीच उमेदवारी त्यांना उपयोगी पडली असणार: नवी स्वरलिपी समोर आली की लगेच वाचायची, ठरल्या वेळात वादकांकडून वाजवून घ्यायची आणि उगाच भाषण करायचं नाही.

पण हे थेट उडी मारण्याइतकं सोपं नाही. प्रेविन यांचा पाया लहानपणापासून अभिजात संगीताचाच होता आणि कंडक्टिंग, म्हणजे वाद्यवृंदाचं संचलन, ते फ्रेंच कंडक्टर प्येर माँत्यू यांच्याकडे शिकले. शिवाय हुद्द्यांची गल्लत करू नका. लंडनमध्ये ते ‘प्रमुख कंडक्टर’ होते, संगीत दिग्दर्शक नव्हे. अमेरिकी पद्धतीत संगीत दिग्दर्शकाकडे संचलनाबरोबरच हंगामाचे कार्यक्रम ठरवणं आणि वादकांच्या निवडीत शब्द असणं हेही येतं. त्यामुळे व्यवस्थापनाशी खटके उडतात. लॉस एंजेलिसचं पद प्रेविन यांनी अशाच वादातून सोडलं.